उखर्डू गोंधळ्याची अर्धी तबकडी

रेकॉर्ड कंपन्यांनी गाणाऱ्यांचं भलं केलं असं कुणी माझ्यासमोर म्हणालं, की माझं डोकं फिरतं. जळगावात स्टेशनच्या रस्त्यावर माझं ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान होतं. तबकड्या विकणारे, मशीन विकणारे, सुया विकणारे आणि माझ्यासारखे नटबोल्ट पिळणारे, असे आम्ही सगळे त्या धंद्यावर पोटभर जेवलो. गाणारा तेवढा पंगतीबाहेर उभा राहिला. पटत नसेल तर उखर्डूचं काय झालं ते ऐका, आणि मग मला शहाणपण शिकवा.

उखर्डू शिंदखेड्याकडचा. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून आईनं याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, परत उचललं आणि नाव ठेवलं उखर्डू. नको असलेल्या पोराकडे काळ बघत नाही, अशी आमच्याकडची समजूत. पोरगा जगला, आणि आवाज असा घेऊन जगला की त्यानं संबळावर टिपरी टाकून पहिली हाक दिली की ओट्यावर झोपलेली म्हातारी माणसं उठून बसत. जात गोंधळ्याची. आजूबाजूची आठ-दहा गावं त्याच्या घराण्याकडे वाडवडिलांपासून लागलेली. त्या गावांत लग्न झालं, जावळ झालं, नवस फिटला, की गोंधळ घालायचा तो उखर्डूनंच. दुसऱ्या गोंधळ्यानं तिथं दिवटी पेटवायची नाही, आणि उखर्डूनं दुसऱ्याच्या गावात पाऊल टाकायचं नाही. जमिनीला बांध असतो तसा हा आवाजाला बांध. त्या बांधाच्या आत दाणागोटा मिळे, लुगडंचोळी मिळे, घरात तानुबाईसारखी खमकी बायको होती. चाललं होतं बरं.

अशा माणसाला मुंबई बघायची काही गरज नव्हती. गरज होती ती सुगनचंद शेठला. शेठचं जळगावात दुकान, अर्ध्या भागात कापड आणि अर्ध्या भागात ग्रामोफोन. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगतो. वाईट असता तर त्याला शिव्या देणं मला सोपं गेलं असतं. त्याचं दुःख एवढंच, की मशीन घ्यायला आलेला पाटील भोंग्यात डोकावून विचारायचा, "ह्यामा आम्हनं काही शे का?" आणि शेठकडं असायची नाटकातली पदं. पाटील मान हलवून निघून जायचा. एकदा कापसाच्या सौद्याला शेठ शिंदखेड्याला गेला, तिथं त्यानं उखर्डूचा गोंधळ ऐकला आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मुंबईच्या एका कंपनीशी त्याची ओळख होती. सन चौतीसच्या सुमाराला तो उखर्डूला आणि त्याचा चुलतभाऊ वना याला घेऊन मुंबईला गेला. वना तुणतुणं वाजवायचा आणि मागून "जी जी" म्हणायचा. त्याचा आवाज म्हणजे चिरलेल्या डेऱ्यात पाणी ओतल्यासारखा, म्हणून घराण्यानं त्याला "जी जी"च्या पुढं कधी जाऊ दिलं नव्हतं.

त्या मुंबईच्या खोलीत पहिली गंमत झाली ती दिवटीची. उखर्डूनं दिवटीला तेल घातलं आणि काडी ओढली. यंत्रावरचा साहेब किंचाळतच आला. आवाज उतरतो तो मेणाच्या जाड तबकडीवर, आणि खोलीत जाळ केला तर मेणाचं काय होईल? विझव म्हणाला. उखर्डू म्हणाला, "दिवटीबिगर कसाना गोंधळ? मंग मी घर जास." शेवटी तोड निघाली. पेटलेली दिवटी घेऊन कंपनीचा पहारेकरी दाराबाहेर उभा राहिला आणि मध्ये दाराची काच. काचेतून दिवटी बघत उखर्डू गायला. हे मला वनानं हसत हसत सांगितलं. मला मात्र तेव्हाही हसू आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं मिळतात. शेठचं म्हणणं, एखादं ठसकेबाज पद म्हण आणि मोकळा हो. उखर्डू म्हणाला, देवीला बोलावल्याशिवाय तिचं पद कसं म्हणायचं? ती यायच्या आधीच तिचं कौतुक कुणाला ऐकवायचं? आणि बोलवायचं तर एकटीला बोलवून चालत नाही. धुळ्याची, गडावरची, सातपुड्याच्या पायथ्याची, नदीकाठची, एकेकीचं गाव घ्यायचं, नाव घ्यायचं, गोंधळाला ये म्हणायचं. एक राहिली तरी तिचा अपमान. अर्ध्या रात्रीचा गोंधळ, त्यातलं नुसतं आवतणच पहिल्या बाजूत कसंबसं मावलं. मग उखर्डू म्हणाला, दुसऱ्या बाजूला बोळवण. आलेल्या देवांना आरती करून, चुकलंमाकलं माफ करा म्हणून परत धाडायचं. मधलं आख्यान नसलं तरी एक वेळ चालेल, पण बोलावणं आणि धाडणं सुटं करता येत नाही. साहेबानं मान डोलावली. उखर्डूनं दोन्ही बाजू गायल्या. कंपनीनं एकदाच काय ती रक्कम हातावर ठेवली आणि कागदावर अंगठा घेतला. यापुढं तबकडी कितीही खपली तरी गाणाऱ्याचा तिच्यावर हक्क नाही, असा त्या कागदाचा अर्थ होता. सगळ्यांचे कागद तसलेच असत. आलेल्या पैशात तानुबाईनं घरावर पत्रे टाकून घेतले.

तबकडी आली ती श्रावणाच्या तोंडावर. मी ती शेठच्या दुकानात पहिल्यांदा लावली. वर छापलं होतं ‘खान्देशी गोंधळ पार्टी’, नाव कुणाचंच नाही. पण पहिली हाक निघाली आणि दुकानातलं माप घेणं थांबलं, इतका तो आवाज खरा उतरला होता. देवांची नावं संपली. मी तबकडी उलटी केली. दुसऱ्या बाजूला मुंबईची एक बाई चहाच्या कपबशीवर थट्टेचं गाणं म्हणत होती.

बोळवण कुठं गेली? शेठनं कंपनीला विचारलं. उत्तर आलं की दुसरी बाजू फार संथ होती, खपली नसती, म्हणून ते मेण खरवडून टाकलं. खरवडून टाकलं! देवांना घरोघर आवतण देऊन पाटावर बसवलं, आणि वाढायच्या वेळी यजमान चहा प्यायला निघून गेला, असली ती तबकडी. शेठ म्हणाला, "मिस्तरी, एवढं मनाला लावून घेऊ नका. गाणंच आहे ते." मी म्हणालो, तुमच्यासाठी गाणं असेल.

आणि ती खपली. श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाला खानदेशात ज्याच्या घरी मशीन होतं त्यानं ती घेतली, ज्याच्याकडं नव्हतं त्यानं मशीनसकट घेतली. चहाच्या हॉटेलांत वाजली, जिनिंगवाल्यांच्या बंगल्यांत वाजली. उखर्डूचा आवाज सगळे बांध ओलांडून चोपड्यापासून पार साक्रीपर्यंत गेला. उखर्डू मात्र शिंदखेड्यातच होता, आणि पत्र्याखाली उकडतं म्हणून तानुबाई बोलणी देत होती.

पहिलं बोलावणं आलं नशिराबादहून, भिकुबाईकडून. भिकुबाई म्हणजे एका मोठ्या शेतकरी घरातली कर्ती म्हातारी. तिनं कानबाईच्या दिवशी मशीनपुढं नारळ फोडून तबकडी लावली होती. त्यानंतर महिन्याभरात घरातली म्हैस आटली, सुनेचा ताप हटेना, आणि गोठ्याची भिंत बसली. गावात त्या पावसात पाच-सहा भिंती बसल्या होत्या, पण त्यांचा विचार कोण करतो? भिकुबाईनं तबकडी पुन्हा पुन्हा ऐकली आणि तिला मेख सापडली. मी तिथं मशीनला तेलपाणी करायला गेलो होतो, तेव्हा ती मला म्हणाली, "बठ्ठा देव बलाया त्यानी, पन धाडं कोनी? देव आठेच बठेल शेतस, मिस्तरी. उपाशी शेतस." आणि माजघरातल्या रिकाम्या पाटांकडं तिनं असं पाहिलं की मीही पाय आवरून घेतला.

शेठच्या दुकानातून गाणाऱ्याचं नाव काढून तिनं निरोप धाडला, आणि उखर्डू खुशीत आला. त्याला वाटलं, चला, तबकडीनं दिलं नाही ते आता या वाटेनं मिळेल. त्यानं संबळ बांधलं, दिवटी पेटवली, आख्यान लावलं, आरती केली, देवांना त्यांच्या त्यांच्या गावी धाडलं. मन लावून केलं सगळं. मग परडी पुढं केली.

भिकुबाईला खरोखर आश्चर्य वाटलं. "पैसा ते तुले पहिलेच भेटी गयात ना? आम्ही दुकानमा दिधात. अर्धा गोंधळ घालीसन तू निंघी गया, आते पुरा कया. त्यान्हं वरतून पैसा कसाना?"

उखर्डूनं खूप समजावलं, की दुकानात दिलेल्यातली एक पैही मला मिळत नाही. तिला ते पटेना. कसं पटावं? आवाज याचा, पैसे आवाजाचे, मग ते याला नाही तर कुणाला मिळणार? सरळ माणसाचा सरळ हिशोब होता तो. या जगात धंदा तसा चालत नाही हे तिला कोण सांगणार! पाणी पिऊन उखर्डू उठला आणि आपल्या पायानं परत गेला.

मग ही वार्ता पसरली. कुणाचा बैल मेला, कुणाच्या पोराला परीक्षेत अपयश आलं, की बोट तबकडीकडं. त्या त्या गावच्या गोंधळ्याला लोक बोलावत, तर तो म्हणे, ज्यानं बोलावलं त्यानंच धाडावं, मी का दुसऱ्याचं उष्टं काढू? म्हणजे पुन्हा उखर्डूच. तो जायचा. आपल्या गावांतले गोंधळ सोडून लोकांच्या गावांत फुकट जायचा. मी एकदा म्हणालो, नाही म्हणून सांग, तबकडीवर तुझं नावसुद्धा नाही. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच वेडा. "बलाया ते मीच ना, भाऊ. खोटं कसं बोलू?"

चैत्रात धुळ्याला एकवीरेच्या यात्रेला गोंधळी जमतात. तिथं पंच बसले आणि उखर्डूला मध्ये उभं केलं. आरोप असा, की यानं आमच्या सगळ्यांच्या गावांत दिवटीशिवाय गोंधळ घातला. बांध मोडला. पाय घातला नसेल, आवाज तर घातला. उखर्डू म्हणाला की मला काय ठाऊक तो इतका लांब जाईल. पंचांनी निकाल दिला. जिथं जिथं ही तबकडी आहे तिथं उखर्डूनं जाऊन बोळवण करावी, दाणासुद्धा घेऊ नये. सगळी घरं पुरी होईपर्यंत त्यानं आपल्या गावांतही गोंधळ गाऊ नये. आणि त्याची दिवटी पंचांनी ठेवून घेतली. बोळवणीपुरती दिवटी ज्या त्या गावच्या गोंधळ्याकडून मागून घ्यायची.

वनालाही विचारलं होतं, कारण तोही मुंबईला गेलेला. वनानं देवीची शपथ घेतली, की मी नुसती तार छेडली, "जी जी" म्हणजे काही बोलावणं नव्हे. पंचांना ते पटलं. आठ-दहा गावं ओस कशी ठेवायची, म्हणून ती तात्पुरती वनाकडं दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण खरा चोर मुंबईत पंख्याखाली बसला होता आणि त्याला खानदेश कुठं आहे हेही नीट माहीत नव्हतं.

आता उखर्डूला एकच ध्यास लागला. दिवटी परत मिळवायची. त्याची गावं, त्याचं गाणं, तानुबाईचं लुगडं, सगळं त्या दिवटीला बांधलेलं होतं. किती घरं उरली ते सुगनचंदलाच ठाऊक, म्हणून तो जळगावला येऊन आधी शेठच्या पायरीवर आणि मग माझ्या दुकानात बसायचा. शेठला म्हणायचा, तबकडी विकणं बंद करा. शेठ म्हणायचा, मी बंद केली तर भुसावळचा दुकानदार विकेल. उखर्डू म्हणायचा, मग दुसरी काढा, बोळवणीची, मी फुकट गातो. शेठनं खरंच कंपनीकडं शब्द टाकला. कंपनी म्हणाली, आरतीच्या तबकड्या आमच्याकडं खूप आहेत. त्यातली कुठलीही लावा.

तरी तो फिरत राहिला, वर्षामागून वर्ष. लोकांच्या गाड्यांवरून, मालगाडीच्या गार्डाच्या पाया पडून, बहुतेक वेळा पायीच. मला सगळ्यात चीड आली ती पुन्हा नशिराबादला. भिकुबाईनं त्याला परत बोलावलं होतं. मी तिथं होतो. उखर्डूनं देवांची बोळवण केली, पिशवी काखेला मारली आणि गावकुसाबाहेर आला. मी सायकल हातात धरून सोबत चालत होतो. आणि मागून, भिकुबाईच्या ओट्यावरून, त्याचाच आवाज सुरू झाला. तोच तरणा आवाज, एकेका देवीला गावाच्या नावानं हाक मारणारा.

आम्ही धावत परत गेलो. भिकुबाई मशीनपुढं हात जोडून बसली होती. मी ओरडलो, अहो आत्ता धाडले ना देव? ती म्हणाली, "हाव ना. पन आवाज इतका गोड शे, रोज ऐकाशिवाय माले जेवन जात नही. आनि इतला पैसा दिसन लेल तबकडी, ती काय ठी देऊ?" उखर्डूकडं वळून तिनं मोठ्या मायेनं विचारलं, "थकना का रे बाबा? बस, पानी पी. मंग पुन्हा धाड."

उखर्डू ओट्यावर मटकन बसला. त्याला तेव्हा कळलं की घरं कधीच संपणार नाहीत. मी त्याला एवढंच म्हणालो की चल. तो बसूनच राहिला, आणि पाणी पिऊन त्यानं पुन्हा आरती म्हटली. घसा त्याच दिवसापासून बसायला लागला असं मी मानतो, डॉक्टर काहीही म्हणोत.

इकडं वनाची गंमत सांगतो. गावं मिळाली, पण गाणार कोण? वनानं पहिली हाक दिली की लोक विडी ओढायला बाहेर जात. बेरीज-वजाबाकीत मात्र तो हुशार. एके दिवशी त्यानं माझ्याकडून जुनं पेटीमशीन घेतलं. मला वाटलं, ऐकायला नेत असेल. पठ्ठ्यानं काय केलं? गोंधळाच्या चौकात पाटावर मशीन मांडलं, भोंग्याला हळदकुंकू लावलं, उखर्डूची तबकडी लावून देव बोलावले, आणि मग आख्यान थोडक्यात उरकून बोळवण स्वतः केली. ज्यानं बोलावलं त्यानंच धाडायचं ना? तर वनानं पंचांपुढं आता सांगितलं, की त्या तबकडीत माझी तार आहे, माझं "जी जी" आहे, म्हणजे बोलावणारा मीही आहे. पंचांनी माना डोलावल्या. देवही आले, परतही गेले, लोकांची भीती गेली, वर तो प्रसिद्ध आवाज. वनाला दुसऱ्या गावांचीही आवतणं येऊ लागली आणि कुणी बांधाचं नाव काढलं नाही.

आणि त्या मशीनचं हँडल फिरवायला वनानं कुणाला ठेवलं? उखर्डूला. रोजावर.

हे कळलं तेव्हा मी शिंदखेड्याला जाऊन त्याला वाटेल ते बोललो. लाज नाही का, स्वतःच्याच आवाजाला किल्ली देतोस? तानुबाई चुलीपुढून उठून आली. "भाऊ, तुम्ही रागे भरी ऱ्हायनात, बरं शे. पन पोटले काय सांगू? शेतवरबी कोनी बलावत नही, म्हनतस हाऊ उपाशी देव संगे लई येस." उखर्डू एवढंच म्हणाला की आता देवांना कुणीतरी नीट परत धाडतं, ते काय कमी आहे? मला त्याचा तेव्हा राग आला आणि आजही येतो.

शेचाळीस साली चोपड्याला वच्छलाबाईंच्या घरी नातवाचं जावळ होतं. केळीचं चांगलं पीक आलेलं, सगळा गाव जेवायला. वनानं मलाही नेलं होतं, कारण मशीन करकर करू लागलं होतं आणि त्याला नवीन घ्यायचं नव्हतं. दिवेलागणीला चौक भरला, दिवटी पेटली. उखर्डूनं पाटाजवळ बसून हँडल फिरवलं, सुई ठेवली, आणि बारा वर्षांपूर्वीचा उखर्डू गाऊ लागला. बायका पदर सावरून बसल्या. चार-सहा देवींची नावं झाली असतील नसतील, आत कडकन आवाज झाला. गाणं जड झालं, रडल्यासारखं झालं आणि एका देवीच्या गावाचं नाव घेऊन तिचं नाव घ्यायच्या आत थांबलं.

मी पेटी उघडली. स्प्रिंगचे दोन तुकडे. माझ्याजवळ दुसरी नव्हती. चौकात कुणी हालत नव्हतं. निम्मे देव आलेले, एक दारात उभी, बाकीच्यांना हाकच नाही. वनाच्या कपाळावर घाम. त्यानं माझ्याकडं पाहिलं, दिवटीकडं पाहिलं, आणि खालच्या आवाजात उखर्डूला म्हणाला, "म्हन."

पंचांची बंदी होती, पण त्या बंदीवर पोट भरणाराच आता म्हणत होता म्हण. उखर्डूनं हात धोतराला पुसले. संबळ कमरेला बांधलं. त्यानं डोळे मिटले आणि जिथं तबकडी थांबली होती तिथून, त्या राहिलेल्या नावापासून हाक उचलली. आवाज घोगरा झाला होता, वरच्या पट्टीत चिरत होता. पण मला विचाराल तर तबकडीतला पोरगा देवांना नुसता बोलावत होता, हा अकाली म्हातारा झालेला माणूस त्यांच्या पायाला मिठी मारत होता. मला वाटलं, झालं, आज याचं सगळं परत मिळालं.

वच्छलाबाईंनी हात वर केला. "थांब बाबा, थांब जरा. आवाज बरा शे तुन्हा, पन त्यान्हासारखा नही. त्याले ऐकाले आम्ही बठ्ठा गाव बलाया. तुले देव वळखतीन का?"

मी उठून उभा राहिलो. "अहो अक्का, तो हाच! तबकडीत गाणारा हाच माणूस आहे!"

त्यांनी उखर्डूकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हाऊ? हाऊ ते हँडल फिरावनारा शे." मग वनाकडं पाहिलं. वना तुणतुण्याची खुंटी पिळत होता, त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. बाई मनानं सरळ होत्या. त्यांनी उखर्डूलाच विचारलं, "खरं सांग बाबा. तो तूच का?"

नुसतं हो म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, म्हण ना रे हो! उखर्डू बंद पडलेल्या मशीनकडं बघत होता.

"नही अक्का," तो म्हणाला. "तो दुसरा व्हता."

वच्छलाबाईंनी शेजारच्या वकिलांकडं माणूस धाडला. त्यांचं मशीन येईपर्यंत पाहुण्यांना पानसुपारी दिली. मशीन आलं तेव्हा उखर्डूनं संबळ सोडून वनाजवळ ठेवलं आणि हँडल फिरवायला बसला.